अडथळे शून्य

१ जानेवारी, गुरुवार. सकाळी ६.१०
नवीन वही, दोनशे पानी. संकल्प: रोज लिहिणे. चिडायचं नाही. पोहायला शिकणे.
कारण नेमणूक झाली आहे. अठरा तारखेला आपल्या खाडीत स्पीड यॉटची रेस आहे. शिडाच्या बोटी, पण वेग मोटारसायकलचा. खाली पात्यासारखे पाय असतात, त्यांवर बोट पाण्याबाहेर उचलली जाते. मुंबईच्या आयोजकांना लोकल माणूस हवा होता. मी चार वर्षं जेट्टीवर फेरीची तिकिटं फाडतो. एकही वाकडं फाडलेलं नाही. त्यांच्या नीरज सरांनी हेच हेरलं असणार.
पद: वॉटर ट्रॅफिक मार्शल. मुदत: रेस संपेपर्यंत. परमनंटचं विचारलं. सर म्हणाले, बघू. नाही म्हणाले नाहीत.
आई म्हणाली, तुला पोहता येत नाही. तिला म्हटलं, ट्रॅफिक हवालदार गाडीखाली झोपतो का? ती भाकऱ्या करायला निघून गेली. पटलं असावं.

४ जानेवारी, रविवार
जाकीट मिळालं. केशरी. पाठीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत मार्शल. साइज तीन माणसांचा. शिट्टी स्वतः घेतली, खारीच्या नाक्यावरून.
पोहणे: थिअरी पूर्ण. नऊ व्हिडिओ पाहिले. पलंगावर पालथं पडून वीस मिनिटं हातपाय मारले. खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन वर आल्या, विचारलं पंखा पडला काय.

६ जानेवारी, मंगळवार
राईला, खाडीकाठच्या मच्छीमारांच्या गावात, देवळाच्या मंडपात मीटिंग. रेसचा रस्ता राईवाल्यांच्या जाळ्यांवरून जातो. जाळी एकतीस. ती पाण्याखाली असतात. वर फक्त डबा तरंगतो, तेलाचा नाहीतर रंगाचा, दोरीने जाळ्याला बांधलेला. प्रत्येक घराच्या डब्यावर वेगळी खूण. दिसायला एकदम गलिच्छ.
नीरज सरांनी हात जोडून सांगितलं, रेसच्या आधी जाळी काढा. राईच्या वतीने धाकूकाका बोलले. वय सत्तर असेल. म्हणाले, दशमीला काढतो. तेव्हा भांग असते, म्हणजे पाण्याला ओढ नसते. त्याआधी हात घातला तर जाळं गाळातून सुटत नाही, फाटतं. सरांनी मान्य केलं.
मी वहीत टिपण्यासाठी विचारलं, दशमी म्हणजे तारीख किती, वेळ किती? धाकूकाका म्हणाले, तारीख तुझी, पाणी आमचं. सगळा मंडप हसला. मागून कुणीतरी मला शिट्टी म्हणालं.
नोंद केली: ग्रामस्थ असहकार करतात.
निघताना धाकूकाकांनी खांद्यावर हात ठेवून मुद्दाम सांगितलं, "पोरा, डबा हाय तवर जालं आमचं. डबा गेला का जालं दर्याचं." भाषा फार अशुद्ध. पण माणूस वयस्कर आहे म्हणून मान हलवली.

८ जानेवारी, गुरुवार
सरांचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. सोमवारी स्पॉन्सर लोकांसाठी ड्रोन शूटिंग. तोवर सरफेस क्लीन पाहिजे, अडथळे शून्य.
सहा वेळा वाचला. साहिल (इंजिनबोट चालवतो, मूळचा रत्नागिरीचा, तोंडात कायम हिंदी) म्हणाला, निर्माल्य आणि बाटल्या उचलायच्या असतील. मी म्हटलं, सरांनी यादी दिलेली नाही. शून्य म्हणजे शून्य. तरी खात्रीसाठी विचारलं: सर, डबेसुद्धा? सरांनी अंगठा पाठवला.
लेखी आदेश मिळाला.

१० जानेवारी, शनिवार
ऐतिहासिक दिवस. सकाळी सात ते दुपारी एक. साहिल आणि मी.
दोनदा उलटी झाली. दोन्ही वेळा वाऱ्याची दिशा बरोबर ओळखली.
एकतीस डबे काढले. साहिल पहिल्याच डब्यापाशी अडला. म्हणे, ये राईवालों के हैं, एक बार पूछ लेते हैं. त्याला सांगितलं की विचारणं हा आपल्या खात्याचा विषय नाही. सुरीने गाठीपाशी कापलं. निळी दोरी तशीच राहिली, पाण्याखाली हातभर, तरंगत. साहिल म्हणाला, रस्सी का क्या? म्हटलं, माझ्याकडे पृष्ठभाग आहे. खालचं माझ्या हद्दीत येत नाही.
डबे टेम्पोत टाकून घरी आणले. गॅलरीत रंगवार रचले, मग क्रमांक दिले. नोंदवही केली. अकरा रकाने: क्रमांक, रंग, आकार, लिटर, झाकण, दोरी, गाठ, शेवाळ, खूण, शेरा, सही. एकही खाडाखोड नाही. अशी नोंदवही मुंबई बंदरातही नसेल.
आईने विचारलं, कपडे कुठे वाळत घालू? म्हटलं, अठरा तारखेनंतर.

१२ जानेवारी, सोमवार
ड्रोन उडाला. पाणी नुकत्याच धुतलेल्या ताटासारखं. सर स्क्रीनकडे बघून म्हणाले, नाइस. माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, पण मी मागेच उभा होतो.
रिपोर्ट दिला: अडथळे शून्य.

१३ जानेवारी, मंगळवार
आज दशमी निघाली.
राईच्या चार बोटी सकाळपासून पाण्यात गोल फिरत होत्या. साहिलने येऊन सांगितलं, जाळी सापडत नाहीत. देवळाचा कळस आणि मोबाइलचा टॉवर एका रेषेत धरून आठवणीने शोधतायत. दुपारपर्यंत नऊ मिळाली. बावीस खाली. साहिल माझ्याकडे बघत राहिला. मी तिकिटांची गड्डी मोजत होतो.
दोन वाजता धाकूकाका माझ्या खिडकीपाशी आले, ओलेचिंब. म्हणाले, भंगारवाल्यांनी डबे चोरले असणार, तू बघितलंस का कुणाला? मी म्हटलं, तोंडी चालत नाही, लेखी तक्रार द्यावी लागते. यात खोटं काहीच नाही. ते म्हणाले, मला लिहिता येत नाही, तूच लिही.
लिहिली. 'अज्ञात इसमांनी' असा शब्द घातला. अक्षर फार सुरेख आलं. त्यांनी अंगठा दिला, आणि माझे आभार मानले.
जाताना म्हणाले, तुझ्या सरला सांग, जाळी खालीच आहेत, रेस नको. म्हटलं, सांगतो.
योग्य वेळी सांगणार आहे. सर फार बिझी आहेत.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. साहिलने तीळगूळ घेतला, गोड बोलला नाही. बोललाच नाही.
सरांना मेसेजचा मसुदा केला. पहिला लांब झाला. दुसऱ्यात आपला दोष असल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्यात धाकूकाकांचा दोष नीट उतरला, पण ऱ्हस्व-दीर्घ तपासायचं होतं. तोवर सर साइटवरून गेले.
उद्या नक्की.

१७ जानेवारी, शनिवार
सांगायला गेलो. सरांच्या बाजूला स्पॉन्सरची माणसं. सरांनीच विचारलं, यतीन, सगळं क्लिअर ना?
म्हटलं, क्लिअर सर.
त्यांनी पृष्ठभागाबद्दल विचारलं होतं. मी नेमकं उत्तर दिलं.
पोहण्याचा सराव आज झाला नाही. पलंगावर आईने कपडे वाळत घातलेत.

१८ जानेवारी, रविवार. सकाळी ९.००
अमावास्या. उधाण. भरपूर पाणी. काठावर दोन हजार माणसं असतील. मी रेस्क्यू बोटीवर, पुढच्या टोकाला; साहिल मागे इंजिनापाशी. जाकीट इस्त्री केलेलं.

दुपारी १२.२५
सुरुवात. बोटी खरंच उडतात. डोळे भरून आले. ही सगळी वाहतूक माझ्या ताब्यात आहे.

संध्याकाळी ५.४०
क्रमाने लिहितो.
१२.३१. चार नंबरची बोट जाता जाता थांबली. खालून कुणी पाय धरावा तशी. नाक पाण्यात गेलं, डोलकाठी आडवी झाली. दोघे होते. एक वर आला. दुसरा आला नाही.
मी शिट्टी वाजवली.
आमची बोट निघाली. वीस फुटांवर आमच्या इंजिनाच्या पंख्यात निळी दोरी गुंडाळली, इंजिन बंद. तिथून तो दुसरा दिसत होता. पाय दोरीत अडकलेला. नाक वर यायचं, परत जायचं. साहिलने उडी मारली. मी शिट्टी वाजवत राहिलो, म्हणजे बाकीच्यांना जागा कळावी.
राईकडून धाकूकाकांची बोट आली. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी खाली हात घालून दोरी चाचपली. साहिल सांगतो, ते फक्त एवढंच म्हणाले, "माझंच हाय." मग कोयता घेतला आणि स्वतःचं जाळं कापलं. बराच वेळ लागला. जाळं जाड होतं.
माणूस वाचला. पाय दोन ठिकाणी मोडला आहे. रेस रद्द.
लॉगमध्ये नोंद: मच्छीमारांनी जाळी मुदतीत न काढल्याने अपघात. मार्शलने एकूण एकोणीस मिनिटे अखंड इशारा दिला.

१९ जानेवारी, सोमवार
चौकशी. आयोजक, पोलीस, राईची माणसं, सगळे एका तंबूत. प्रश्न निघाला, डबे कुणी काढले? भंगारवाले, भंगारवाले, असं सुरू झालं. सगळे अंदाजाने बोलत होते. मला अंदाज सहन होत नाही. नोंदवही पुढे ठेवली.
सगळे वहीवर वाकले. इतकी व्यवस्थित वही त्यांनी पाहिली नसावी. नीरज सरांनी प्रत्येक पानाचा फोटो काढला. मला शेवटच्या पानावर पुन्हा सही करायला सांगितलं. केली.
मग सर सगळ्यांना म्हणाले, बघा, कंपनीचा काही संबंध नाही, हे याने स्वतःच्या मनाने केलंय. मी अंगठा दाखवला, फोनवरचा. सर म्हणाले, तो मी तुझ्या गुड मॉर्निंगच्या फुलाला दिला होता. फूल मी पाठवलं होतं, हे खरं आहे.
जाकीट जेट्टीवरच काढून घेतलं, तिकिटाच्या रांगेसमोर. आत फक्त बनियन होता. शिट्टी माझी स्वतःची होती. तीही घेतली.
धाकूकाका नोंदवहीतल्या अक्षराकडे बघत होते. वाचता येत नाही, पण अक्षर ओळखलं असावं.

२१ जानेवारी, बुधवार
फेरीबोटवाल्यांनीही उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. चार वर्षांत एकही तिकीट वाकडं नाही, हे सांगितलं. हो म्हणाले.
चौकीवर बोलावलं होतं. चोरीची तक्रार आणि नोंदवही शेजारी शेजारी ठेवलेली. हवालदार हसत होता. पण म्हणाला, अक्षर चांगलंय.

२३ जानेवारी, शुक्रवार
धाकूकाका घरी आले, दोन माणसं घेऊन. मी मोरीत गेलो. तोंड धुवायचं होतं.
आतून ऐकलं. आईने पाणी दिलं, ते प्यायले. मग गॅलरीत गेले. एकेक डबा उचलून बोलत होते. हा शिवाचा. हा रसिकाचा, तिचा नवरा गेला तेव्हापासून एकच जाळं आहे तिला. हा माझा. असं एकतीस वेळा. आईने मोरीचं दार वाजवलं. म्हणाली, बाहेर ये.
चष्मा काढून खिशात ठेवला. त्यांनी मारलं नाही.
धाकूकाका म्हणाले, "पोरा, वही आन. सोमवारी भांग लागते. कंचा डबा कुठनं काढलास तेवडं सांग. आमी जाली काढतो."
नोंदवहीची दुसरी प्रत माझ्याकडे असते. आणली. क्रमांक एक वाचला. हिरवा, गोल, पाच लिटर, झाकण आहे, दोरी निळी, गाठ दुहेरी, शेवाळ मध्यम, खूण पांढरे तीन ठिपके.
ते थांबून राहिले. म्हणाले, "आनि कुठनं?"
शेरा वाचला: स्वच्छ. मग सही वाचली.
आई खाली बसली. शेवटी त्यांच्यातला एक जण म्हणाला, काका, याला सोमवारी बोटीवर घ्या, याच्या डोळ्यांना तरी आठवत असेल.
म्हणजे अनुभवी माणूस म्हणून पुन्हा विचारणा झाली आहे.

२६ जानेवारी, सोमवार
बारावा रकाना आखला. पट्टीने. वर लिहिलं: ठिकाण. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून राईला गेलो.
पाण्यावर सगळीकडे पाणीच असतं, हे त्या दिवशी लक्षात आलं नव्हतं. मी बोटाने जागा दाखवत होतो. ते तिथे लोखंडी आकडा सोडायचे. गाळ यायचा. पुन्हा बोट दाखवायचो. दुपारपर्यंत दोन जाळी लागली. एक फाटलेलं. दुसरं धाकूकाकांचं, कापलेलं. उलटी झाली, कुणी हसलं नाही. रसिका मागच्या बोटीत होती. तिचं लागलं नाही. तिने मला एकदाही काही विचारलं नाही.
दशमीची नऊ धरूनही बाराव्या रकान्यात वीस ओळी रिकाम्या.
उद्याही बोलावलंय. धाकूकाकांना सांगून टाकलं की मला पोहता येत नाही आणि जाकीट जमा झालंय. त्यांनी बोटीतून एक डबा उचलला आणि दोरीने माझ्या कमरेला बांधला. हिरवा, गोल, पाच लिटर, झाकण आहे. मला बरं वाटलं. मी म्हटलं, काका, याने मी तरंगेन ना?
"न्हाय," ते म्हणाले. "पर बुडलास तं कुठं बुडलास तेवडं तरी कलंल."