चार दिवसांचं कुलूप

नाना, सोमवारपासून चार दिवस वाचनालयाला कुलूप लावतोय. सकाळी पूजेला बसलो तेव्हा वाटलं, तुम्हाला सांगायला हवं. मग जपात लक्ष लागेना.

धरणगावच्या वाचनालयात तुमच्या हाताखाली लागलो, त्याच वर्षी वाचनालय नव्या इमारतीत न्यायचं होतं. सगळे म्हणत होते, आठवडाभर बंद ठेवा. तुम्ही ऐकलं नाहीत. रावेरहून केळीचे रिकामे क्रेट मागवलेत आणि विषयवार खेपा ठरवल्यात. मी उत्साहाने पहिल्या कपाटाचे क्रेट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आधी रचले आणि बाकीचे त्यांवर चढवत गेलो. तुम्ही भर रस्त्यात ओरडलात, "अरे, जे शेवटे चढस ते पहिले उतरस! पहिलं कपाट तळाशी घातलंस, तिथे गेल्यावर काय क्रेट डोक्यावर घेऊन उभा राहशील?" जमलेले वाचक हसले. सगळी ट्रॉली रिकामी करून पुन्हा भरली. दुपारी तुम्ही तुमच्या डब्यातली ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी माझ्यापुढे सरकवलीत आणि म्हणालात, "खाय. उतरवाले बी तूच शेस." वर्तमानपत्रांचं टेबल सगळ्यात शेवटी हललं. सकाळी लोकांनी जुन्या जागेत पेपर वाचला, संध्याकाळी नव्या. आलेला वाचक दारावरून परत जाता कामा नये, एवढा एकच तुमचा नियम.

आता मी धुळ्यात ग्रंथपाल आहे. सगळी पुस्तकं संगणकावर घेतोय, प्रत्येकावर बारकोड. त्यासाठी जळगावला प्रशिक्षणाला गेलो होतो. कामाचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्यापुढे माणूस लिहा, कोणतं काम कोणासाठी अडतं ते आडव्या पट्ट्यांनी दाखवा, असं शिकवलं. मला सारखी तुमची ट्रॉली दिसत होती. पण एक गोष्ट तुमच्याकडे नव्हती, नाना. तुमचं सगळं नियोजन तुमच्या डोक्यात असायचं. तुम्ही तापाने पडलात की आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसायचो. माझा तक्ता भिंतीवर लावलाय. शिपाईसुद्धा वाचून मला टोकतो, "सर, तुमची पट्टी मागे पडली."

मागे पडलीच. एक कपाट आधी करून पाहिलं, तर जुन्या पुस्तकांवर बारकोडची चिकटपट्टी धरेना, सगळी पुसून घ्यावी लागली. त्यात संगणकांच्या वायरिंगसाठी वाचनकक्षाच्या भिंती फोडायच्या निघाल्या. अध्यक्ष आबा म्हणाले, "महिनाभर बंदच ठेवा ना. एकदाच काय तो धुराळा." स्पर्धा परीक्षेची एक मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "सर, परीक्षा तोंडावर आलीय. आमचं घर एका खोलीचं. मी कुठे बसू?" 

मग तक्त्यापुढे बसलो. कपाटांचं काम वाचनकक्ष चालू ठेवून होईल, हे दिसलं. भिंतींचं होणार नाही. ते चार दिवस कितीही सरकवले तरी उरतच होते. समोरच्या बुद्धविहाराचा हॉल दिवसा रिकामा असतो. तिथलं बघणाऱ्या अक्कांना विचारायला गेलो. बातमी आधीच पोचली होती; मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "पोरीसले बसाले जागा पाहिजे ना? पाठव भाऊ. पंखा बी शे, पानी बी शे. चपला बाहेर काढाले सांग, बस." म्हटलं, मुलंही आहेत. "मंग त्यासले आधी झाडू दे हातमा," त्या म्हणाल्या. शनिवारी टेबलं तिकडे नेतोय.

पण देवघेव बंद राहील. म्हातारी मंडळी पुस्तक बदलायला येतील आणि परत जातील. त्यांच्यासाठी मला काही सुचलं नाही. फळ्यावर लिहिलंय, तोंडीही सांगतोय, तरी कुणीतरी उन्हातून येईलच. तुमचा नियम तिथे मोडतो.

हे पत्र पोथीच्या कपाटात ठेवून देईन. तुम्ही आता जिथे गेलात तिथला पत्ता असता तरी टाकलं नसतं, नाना. तुम्ही नको म्हणाला असतात, आणि मी ऐकलं असतं.