लेकीच्या गाडीला नवे पॅड

आत्याबाई,

तुमची नात पुण्याहून गाडी घेऊन आली आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती शाळेत होती, गुडघे कायम फुटलेले. आता नोकरी करते आणि स्वतःच्या कमाईतून तिनं एक जुनी पण भन्नाट वेगाची गाडी घेतली आहे. निळी, बुटकी, गतिरोधकावर पोट घासेल अशी. सुट्टीच्या दिवशी ती आणि तिच्यासारखी काही मंडळी शर्यतीच्या ट्रॅकवर गाड्या पळवायला जातात. रस्त्यावर नाही आई, ट्रॅकवर, असं ती मला दरवेळी बजावते. मी फोनवर एकदा म्हणून बसले की विकून टाक ती गाडी. तेव्हापासून तिचे रविवारचे फोन कमी झाले. आले तरी जेवलीस का, झोपलीस का, एवढ्यावर संपायचे. तुमच्या मागे दुकान मीच, तुमची सून, चालवते. दिवसभर लोकांच्या गाड्यांना पार्ट देते आणि लेकीच्या गाडीचं नाव काढलं की विषय बदलते.

शनिवारी सकाळी ती दुकानात आली. काउंटर तसाच आहे. वर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या खाली आता तुमचा. तिनं एक लाल डबा माझ्यासमोर ठेवला. "आई, पुढचे ब्रेक पॅड संपले. हे बसवून दे." मी डबा फिरवून पाहिला. बाहेरच्या देशातले, खास ट्रॅकवरच्या गाड्यांचे पॅड होते. कायले पाहिजेत, असं विचारलं तर म्हणाली, "मागच्या वेळी काही फेऱ्या झाल्या अन् ब्रेक लागेचना. मी दाबून राह्यली, अन् गाडी आपली चाललीच." हे तिनं हसत सांगितलं. मी विचारलं, "पेडल खाली जात होतं, का कडक होतं?" "कडक होतं." म्हणजे ब्रेकचं तेल ठीक होतं, पॅड तापून घसरत होते. तिची निवड त्या हिशेबानं बरोबरच होती; हे पॅड कितीही तापले तरी सोडत नाहीत. पण थंड असताना धरतही नाहीत, आणि ती तर याच गाडीनं पुण्याहून इथे येते, ऑफिसला जाते. मी म्हटलं, "सकाळी गाडी काढली अन् बाभुळगावच्या आधी बकरी आडवी आली तर?" ती म्हणाली, "तू ना आई, बकरीच पाह्य." आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. आमचं बोलणं नेहमी इथेच येऊन थांबतं.

डबा हातात घेऊन मी उभी राहिले आणि तुमची आठवण झाली. मी मारेगावहून नवी नवरी होऊन आले ते दिवस. मामंजी जाऊन वर्षही झालं नव्हतं, दुकान तुम्ही एकट्या रेटत होता. माझी भाकर तव्यावर टाकताना फाटायची. एका सकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून पाहता आहात, आणि मी खाली मान घालून फाटलेल्या कडा बोटानं जोडते आहे. आता ऐकावं लागणार, असं मला वाटतं. तुम्ही म्हणता, "राहू दे व पोरी. भाकर मी टाकीन. तू चाल दुकानात." त्याच संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी पांढरे कापडी बूट आणलेत, दुकानातल्या तेलकट फरशीवर चपला घसरतात म्हणून. लुगड्याखाली बूट घातलेली सून पाहायला अर्धी गल्ली दारात आली होती. तुम्ही त्यांना म्हणालात, "पाहून झालं असन तं चहा घ्या."

बोलणंही खाल्लं तुमचं. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणारा एक जण पॅड न्यायला आला होता. मी त्याला दुकानातला सगळ्यात कडक माल काढून दिला आणि वरून सांगितलं की आता लवकर बदलावे लागणार नाहीत. तुम्ही आतून आलात, त्याच्या हातातला डबा काढून घेतलात आणि त्याच्यासमोरच मला विचारलंत, "याच्या गाडीत कोण बसते?" मी म्हटलं, पोरं. "मंग? हा बाजारातून हळूहळू जाते. याले पह्यल्या दाबात लागणारा ब्रेक पाह्यजे. टिकते किती, हे मांगून पाहू." माझे कान लाल झाले होते. तो गेल्यावर तुम्ही एवढंच बोललात, "पार्ट गाडीले नसते देत बाई, माणसाले देत असते." त्या दिवशी राग आला होता. पुढे कित्येक वर्षं गिऱ्हाइकाला तोच प्रश्न विचारत आले, पण घरच्या माणसाला विचारायचं कधी सुचलं नाही.

मी तिला म्हटलं, "बरं, एक सांग. गाडीत कोण बसते?"

"मी."

"अजून?"

तिनं मोबाइल उलटा ठेवला. बराच वेळ डब्यावरची अक्षरं नखानं खरवडत राहिली. मग हळूच म्हणाली, "एक जण बसते." तेवढ्यात एक बाई आरसा मागायला आली, तिला आरसा दिला, ती गेली. तेव्हा पोरगी सांगू लागली. मुलगा तिच्याच ऑफिसात आहे. आपल्या दारव्ह्याकडचा, बंजारा तांड्यावरचा. आईवडील शेती करतात, घरी गोरबोली बोलतात. "मी शिकून राह्यली थोडी थोडी," असं म्हणाली आणि लाजली. तिला लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं. "त्याले भेव वाटते माह्या गाडीत. पण बसते. डोळे मिटून बसते." आम्ही दोघी हसलो. हसता हसता तिचे डोळे भरले. "मले वाटलं तू आधी गाडीवरूनच बोलशील, मंग हे कसं सांगू?"

आत्याबाई, त्या दिवशी दुकान मी दुपारीच बंद केलं.

पॅड आम्ही दोघींनी मिळून निवडले. रस्त्यावर चालणारे, थंड असतानाही धरणारे, पण साध्यापेक्षा जास्त ताप सोसणारे. नागपूरहून पार्सल मागवलं, ते रविवारी सकाळच्या बसनं आलं. लाल डबा डिक्कीत ठेवायचा, ट्रॅकवर पोहोचल्यावर त्यातले पॅड तिथेच चढवायचे आणि परत निघताना काढायचे, असं ठरलं. दोनदा कोण बदलेल, म्हणून ती कुरकुरली. मी म्हटलं, तूच बदलशील, शिकवते.

लोहाऱ्याच्या आपल्या गोदामासमोर गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडाचे ठोकळे लावले. चाक तिनं काढलं. पॅड धरणारा कॅलिपर सोडवून मी तो तारेनं वर बांधला, ब्रेकच्या पाइपावर भार नको म्हणून. जुने पॅड झिजून पत्र्याला आले होते. नवे जाड पॅड मावावेत म्हणून मी पिस्टन हळूहळू मागे दाबत होते आणि ती बॉनेट उघडून टाकीतलं ब्रेकचं तेल वर येतं का ते पाहत होती. सरकत्या पिना पुसून ग्रीस लावलं. तिच्या नखांत काळं गेलं, नाकावरही लागलं. काम करता करता तिनं त्याच्याबद्दल बरंच सांगितलं. त्याला ज्वारीची भाकर जमते म्हणे. मी म्हटलं, माझ्यापेक्षा बरा आहे मग.

चाकं बसल्यावर ती सीटवर बसली, ब्रेकवर पाय ठेवला आणि दचकली. "आई, पेडल पार खाली गेलं." मी खिडकीपाशी वाकले. माझ्या तोंडून तुमचेच शब्द आले. मला सातवा महिना होता आणि तुम्ही एका गिऱ्हाइकाच्या गाडीत मला असंच बसवून हे सांगितलं होतं. "भेवू नको. पॅड अजून डिस्कपर्यंत पोचले नाही. दाबत राह्य, कडक लागेपर्यंत." तेव्हा पोटात हीच होती. ती दाबत राहिली. मग मान हलवून म्हणाली, लागलं.

नवे पॅड डिस्कवर नीट बसायला हवेत म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या रस्त्यावर गेलो. वेग घ्यायचा, ब्रेक दाबून कमी करायचा, पण थांबायचं नाही, पुन्हा घ्यायचा. मी शेजारी बसले होते. सुरुवातीला मी दारावरचं हँडल धरून होते. हळूहळू दोन्ही बाजूंची कपाशी दिसायला लागली. ती रस्त्याकडे पाहत होती आणि मी तिच्याकडे. माझी लेक फार चांगली गाडी चालवते. लांबूनच पाहते, लवकर पाय उचलते, गायी दिसल्या की आधीच सावकाश होते. इतके दिवस मी तिच्या गाडीत बसलेच नव्हते, तर मला कसं कळणार?

काल ती परत गेली. रात्री पोहोचल्याचा फोन आला, आणि तो तासभर चालला.

त्या मुलाबद्दल तुम्ही काय म्हटलं असतं, हे मला खरंच सांगता येत नाही. तुम्ही मनानं मोठ्या होता, पण जातीपातीच्या गोष्टीत कधी कधी तुमचंही तोंड घट्ट मिटायचं. आता तुमचा लेक बाहेर पेपर वाचतो आहे. मी आतल्या खोलीत हे लिहिते आहे आणि त्याला वाटतंय, मी मालाची ऑर्डर काढते आहे. हा कागद कुठे पाठवायचा नाही. खरं सांगू, तुमच्या लेकाला मी या मुलाबद्दल अजून काही बोललेले नाही. कसं सांगायचं, त्याची तालीम तुमच्यासमोर करून पाहिली.