मंगळवारचं थंड पाणी

मंगळवार, ४ मार्च

पुन्हा तेच! वृद्धाश्रमातलं गरम पाणी सकाळी सातलाच गेलं. गेल्याही मंगळवारी गेलं होतं. पाच ते अकरा असा टायमर मीच लावून दिलाय — आणि अर्धा आश्रम अंगाला साबण लावून बसलेला! वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडबाई फोनवर गरजल्या, "तुमच्या टायमरलाच आंघोळ घाला आधी!" मी हसलो. संचालिका बाई हसल्या नाहीत. नव्या इमारतीचं काम दुसऱ्याला देईन म्हणाल्या.

बुधवार, ५ मार्च

जाऊन आलो. स्क्रीनवर आठवड्याचं वेळापत्रक — चोख. पंप चोख, घड्याळ चोख. आणि पाणी? वाफाळतंय! डॉक्टरच्या दारात दुखणं पळतं, तसं. डोक्याला नुसता ताप.

शुक्रवार, ७ मार्च

पाणी गरम. माझा विश्वास नाही.

मंगळवार, ११ मार्च

गेलं! आता मात्र डोकं चाललं. मंगळवारच का? यंत्र काही वार बघून रुसत नाही. माणूस रुसतो. मंगळवारी सकाळी बॉयलरवर कोण? आश्रमाचा जुना नोकर, भाऊ. आम्ही यायच्या आधी सगळं पाणी याच्या हातात होतं — म्हाताऱ्या याच्या विनवण्या करायच्या. टायमर आला नि मिजास गेली.

गाठलाच त्याला.

"स्विचला हात लावलास का?"

"लावला साहेब. पण बंद करायला नाही. आज्या कुडकुडत होत्या, म्हणून हाताने चालू केला."

वा! चालू करणारा हात बंद करत नाही होय? आवाजही शेवटी हलला त्याचा. आयुष्यभर मजुरांत नि मुकादमांत काढलंय, खोटं बोलणं मला ऐकू येतं.

बुधवार, १२ मार्च

बाईंना सांगून टाकलं. टायमरमध्ये खोट नाही, माणसात आहे. रात्री बायको म्हणाली, "तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत का त्याला?" म्हटलं, कानांनी ऐकलं. "मग झालंच!" म्हणाली आणि भांडी जरा जास्तच आपटली.

शनिवार, १५ मार्च

भाऊला काढलं. आवारातली खोलीही सोडायला लावली — बायको, सामान, सगळं एका टेम्पोत. नव्या इमारतीचं काम मला मिळालं.

मंगळवार, १८ मार्च

सातला पाणी गेलं.

बॉयलरच्या खोलीला कुलूप होतं, किल्ली बाईंच्या पर्समध्ये. मी स्क्रीनसमोर बसलो, आठवड्याचं पान सोडून पुढचं उघडलं — खास दिवसांचं, जे आठवड्याच्या वेळापत्रकावर मात करतं. तिथे एकच नोंद : चाचणी, दर मंगळवार, सातपासून बंद. काम ताब्यात देताना बाईंना शिकवायला म्हणून मीच टाकलेली. पुसायची राहिली.

पुसली. बाईंना सांगितलं. मग भाऊला फोन लावला.

"बोला साहेब," म्हणाला.