लिफ्टवरची नोटीस

रविवार, संध्याकाळ

आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं, कामवाल्या बायांनी लिफ्ट वापरायची नाही. मी उठून बोलले. माझ्याकडे पोळ्या करणाऱ्या कमलताईंचे गुडघे सुजलेत, चार माळे त्या कशा चढतील, एवढंच विचारलं. सगळे मोबाइलमध्ये बघत बसले. सेक्रेटरी हसून म्हणाले, "मॅडम, काहून टेन्शन घेऊन राहिल्या तुम्ही? तेवढी नोटीस लिहून द्या ना, तुमचं अक्षर मस्त आहे."

आणि मी लिहिली. काहून लिहिली? इतकी वर्षं शाळेत फळा लिहिला, कोणी लिही म्हटलं की हात आपसूक पुढे होतो. 'सर्वानुमते' हा शब्दसुद्धा लिहिला. वळणदार, एक काना न चुकता. मग मीटिंगमधल्या माझ्या त्या बोलण्याला काय चाटायचंय?

नंतर जिन्यात शेजारच्या वहिनी हळूच म्हणाल्या, "बरोबर बोलल्या बरं तुम्ही." मीटिंगमध्ये माझ्या बाजूलाच बसून होत्या.

कमलताईंच्या गुडघ्यांचं काय, ते तर राहिलंच.

उद्या सकाळी कमलताई लिफ्टपाशी येतील. त्यांच्या पोरीच्या शाळेचे सगळे अर्ज मीच लिहून दिले आहेत. माझं अक्षर त्या लांबूनच ओळखतात.