सुतासारखी धार

प्रिय लुदका,

अक्षर बघून दचकू नकोस. मीच लिहितेय, पण डाव्या हाताने. उजवा प्लॅस्टरमध्ये आहे. अंगणात बर्फावरून पाय घसरला असं गावभर सांगून झालंय आणि गावानेही ते मुकाट्याने ऐकून घेतलंय. पत्र लिहायला क्लेमेन्सनेच बसवलं. कोर्टाची तारीख जवळ आली, किंगा कुणाकडे राहणार ते आता ठरेल. सासूने दोन शब्द लिहिले की तू विरघळशील, दावा मागे घेशील आणि पोरीला घेऊन परत येशील, असं तुझ्या नवऱ्याला वाटतं. तो काय काय लिही म्हणाला ते सगळं सांगते. पण आधी घराची बातमी ऐक, कारण ती तुला माझ्याशिवाय कुणी धड सांगणार नाही.

यंदा आपल्या स्वयंपाकघरातला नळ गोठला. तू लग्न होऊन आलीस त्या पहिल्या हिवाळ्यापासून नळ अगदी सुताएवढा सोडून ठेवायचीस, बेसिनखालच्या कपाटाची दारं उघडी टाकायचीस आणि उत्तरेच्या भिंतीतून येणाऱ्या पाइपला सासऱ्यांचा जुना मेंढीच्या कातडीचा कोट गुंडाळायचीस. क्राकोवची पोरगी येऊन आम्हा डोंगरातल्या माणसांना थंडी शिकवते म्हणून मी शेजारच्या आन्येलाकडे जाऊन पोट धरून हसले होते. पण तू होतीस तोवर तो पाइप एकदाही गोठला नाही. क्लेमेन्सला मात्र त्या धारेच्या आवाजाची तिडीक. "डोक्यात घण घालतेस का गं माझ्या?" म्हणत तो उठून नळ घट्ट पिळायचा आणि तू उठून परत सैल करायचीस. एकदा सकाळी तुझा ओठ फाटलेला होता. कपाटाचं दार लागलं म्हणालीस. मी बेसिनकडे बघितलं, तर पाण्याची धार चालूच होती. बाई चिवट आहे, असं तेव्हा मनात आलं होतं.

तू गेल्यावर त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर तो कोट ओढून काढला आणि पाइपवर नव्या फळ्या ठोकल्या. वर पिवळा रंग दिला. "आता कसं घर घरासारखं दिसतंय!" चुलीची ऊब पाइपपर्यंत पोचायची वाटच त्याने बुजवली. जानेवारीत असा गारठा पडला की कोंबड्या खुराड्यातून बाहेर यायला तयार होईनात. मी नळ सोडायचे, तो बंद करायचा. एका सकाळी नळ फिरवला तर नुसता सुस्कारा आला.

मी त्याला म्हटलं, अरे, आधी तळघरातला मोठा कॉक बंद कर, नळ उघडा ठेव, फळ्या काढ आणि गरम पाण्यात पिळलेली फडकी नळाच्या बाजूने मागे मागे लावत जा. चुलीवर बर्फाचं पातेलं ठेवलंच होतं. लुदका असंच सांगायची, असंही म्हणून गेले. तुझं नाव निघालं आणि तो पेटला. फळ्या काढल्या नाहीत, लाथेने फोडल्या. पाइपवर हातोडा घालायला लागला, "सैतानाची अवलाद! सैतानाची अवलाद!" भिंतीवरची मेरीमातेची तसबीर खाली पडली, तिची काच पायाखाली चुरडली तरी त्याला पत्ता नाही. मग शेडमधून डुक्कर भाजायचा गॅसचा बर्नर घेऊन आला.

आपल्या भिंती कशा आहेत तुला माहीत आहे. ओंडक्यांच्या फटींत लाकडाच्या छिलक्यांच्या वेण्या, त्याच्या आजोबांच्या हातच्या, हाडासारख्या कोरड्या. मी ओरडले, "अरे गाढवा, घर जाळशील!" त्याने ज्योत आणखी मोठी केली. फटींमधून धूर यायला लागला, मग आतून लाल दिसायला लागलं. विझवायला घरात पाणी कुठलं? मी ओसरीतलं आंबवलेल्या कोबीचं पिंप ओढत आणलं आणि पातेल्यावर पातेलं भिंतीवर फेकत सुटले. कोबी, खारं पाणी, जिरं, सगळं. कुऱ्हाडीने वेण्या उपसून काढल्या आणि बाहेर बर्फात तुडवल्या. लुदका, हिवाळ्याभराचं सूप मी त्या दिवशी भिंतीला पाजलं. अजून घराला कोबीचा वास येतो.

आग विझली आणि तेवढ्यात पाइप फुटला. आतला बर्फ सुटला होता आणि पाइप उभा चिरला होता. पाणी समोरच्या भिंतीवर आपटत होतं, किंगाचा पाळणा ठेवायचो त्या कोपऱ्यात घोटाभर साचलं. क्लेमेन्स मध्येच उभा राहून ओरडत होता की तुझ्यामुळे झालं हे सगळं, तू घर सोडलंस म्हणून. मी तळघरात उतरता उतरता म्हटलं, "खरंय बाबा तुझं. ती होती तोवर फुटला नव्हता." आणि मला हसू आलं. खरंच आलं गं, आवरलं नाही.

तो माझ्या मागे खाली आला. मी कॉक फिरवत होते आणि त्याने पाना माझ्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग दुसऱ्यांदा घातला. उरलेला कॉक मी डाव्या हाताने बंद केला, कारण वर पाणी चालू होतं आणि घर काही त्याच्या एकट्याचं नव्हे.

नंतर तो रडला, ते रडणं तुला ठाऊक आहे. स्वतः दवाखान्यात नेलं, डॉक्टरांना बर्फाची गोष्ट सांगितली, माझे बूटसुद्धा बांधून दिले. घर आता सावरतंय. भिजलेल्या फळ्या उचलल्या, चूल पेटती ठेवून खिडक्या उघड्या टाकल्या, नाहीतर भिंतीला बुरशी धरली असती. नवा प्लास्टिकचा पाइप आतल्या बाजूने घेतलाय. त्याला तो कोट मी परत गुंडाळलाय.

आता त्याने लिही म्हटलेलं. त्याने चर्चमध्ये वेदीसमोर वर्षभर दारू न पिण्याची शपथ घेतली आहे. हे खरं आहे. थेंब घेत नाही, हेही खरं. धर्मगुरू तसा कागद कोर्टाला द्यायला तयार आहेत. दारू सुटली की माणूस गाईसारखा होतो असं आपल्याकडे सगळे धरून चालतात, न्यायाधीशही धरून चालतील. पण लुदका, ती शपथ त्याने ख्रिसमसला घेतली आणि पाइप फुटला जानेवारीत. त्या सकाळी तो चहा पिऊन उठला होता. माझ्या जवळ वाकला तेव्हा तोंडाला फक्त चहाचाच वास होता.

हे मी आन्येलाच्या टेबलावर बसून लिहितेय. त्याला दाखवायचं गोडगोड पत्र वेगळं लिहिलंय, तेही तुला मिळेल, ते चुलीत घाल. कोर्टात त्याने मला आपली साक्षीदार म्हणून लावलंय. तोच मला गाडीने आणणार आहे. माझा फुलांचा रुमाल इस्त्री करून ठेवलाय त्याने. त्या दिवशी तू दारातून आत येशील आणि मी त्याच्या बाजूच्या बाकावर बसलेली दिसेन, तुझ्याकडे बघणारही नाही. तेव्हा तुला तडजोड करून मोकळं व्हावंसं वाटेल. करू नकोस. कशावरही सही करू नकोस, मला साक्षीला उभी राहू दे. म्हणून हे पत्र. तो माझ्या पोटचा आहे, मी रडेन, पण सगळं सांगेन, चहासकट. त्यानंतर मी त्याच्या गाडीत बसणार नाही. माझं गाठोडं आन्येला बसस्टँडवर घेऊन येईल. तुझ्याकडे एका खाटेपुरती जागा कर आणि किंगाला सांग, आजी येतेय.

कोर्टाने काडीमोड दिला तरी तुझीच सासू,
ब्रोनिस्वावा