पळसाच्या पानांचा नवरा

तुमसर,
ता. २८ नोव्हेंबर १९८२

श्री. यादोराव यांस,

नमस्कार. ‘श्री.’ लिहिताना हात अडला, कारण भिंतीवर तुमच्या फोटोखाली ‘कै.’ लिहिलेलं आहे. बाकी इकडे सगळे खुशाल. धान कापून झालं, मामाजींचा दमा तसाच आहे, मी प्राथमिक शाळेत शिकवते.

नागपूरच्या पेपरात तुमचा फोटो पाहिला. ऑस्ट्रेलियातल्या हिरवळीवर गुडघा टेकून तुम्ही चेंडू सोडताय. खाली लिहिलंय, झांबियाच्या तांब्याच्या खाणीतले कारकून, तिथल्या क्लबात लॉन बोल्स शिकले, सहा वर्षांत चार देशांत खेळले, यंदा संघाचे कप्तान, भंडारा जिल्ह्याचे सुपुत्र. तो चेंडू म्हणे एका बाजूनं जड असतो, नाकासमोर सोडला तरी वळून जातो. तुम्हाला जमणारच तो खेळ.

सुपुत्राच्या आईला मोतीबिंदू झालाय. पेपर हातात धरून तिनं मला विचारलं, “निर्मले, लोक म्हणून राहिले हा आपला यादो होय. तू पाहून सांग नं वो.”

मी म्हटलं, “नाही माय, दुसराच कोणी आहे.”

मामाजींनी मात्र पोटचं पोर ओळखलं. बारा वर्षं खबर नाही म्हणून ऐंशी साली त्यांनीच पळसाच्या पानांचा पुतळा करून, नारळाचं डोकं लावून, तुम्हाला वैनगंगेवर जाळलं होतं. दहाव्याला माझ्या बांगड्या फोडल्या. आता तुम्ही जानेवारीत गावी येणार असं पेपरात आहे. भटजी म्हणतात, मेलेला परतला तर त्याचं बारसं करायचं, मुंज करायची आणि त्याच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. मामाजींनी माझ्यासाठी हिरवा चुडाही आणून ठेवला.

आता जे कालपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं ते लिहिते. एकाहत्तर साली तुमचं पत्र आलं होतं. ‘मी इथंच दुसरा संसार मांडलाय, निर्मलाला माहेरी पाठवा.’ नाव मामाजींचं होतं, पण पोस्टमननं दिलं माझ्या हातात. मी ते तांदळाच्या कोठीत लपवलं. टाकलेल्या बाईला माहेरही दारात उभं करत नाही, विधवेला निदान सासरचा भात आणि एक खोली मिळते. म्हणून पुतळा जळताना मी गप्प राहिले. शेजारी माय छाती बडवून रडत होती. तुमचा मला भयंकर राग आहे, पण ते रडणं माझ्या माथी आहे.

काल मायला ते पत्र वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, “मले काहून रडू देलंस वो?” तेव्हापासून माझ्या हातचं पाणीही घेत नाही. शेजारच्या धुरपताबाई तिला जेवू घालतात.

तेव्हा मायसाठी या. तिला तुमचं तोंड हातानं चाचपू द्या. तुमचं बारसं करोत, मुंज करोत, मी पेढेही वाटीन. पण लग्नाच्या पाटावर मी बसणार नाही. चुडा मी आज सकाळीच परत केला. मामाजी ओरडले, ओरडू द्या. तुमच्या नावाचं हे पांढरं कपाळ मी खोटं बोलून मिळवलंय, ते आता कोणालाच देणार नाही.

तुम्हाला एकदा जाळलेली,
गं. भा. निर्मला