‘नो कॉन्टेस्ट’ हे कलम मी खोडले आहे

मी, लोइस यॅगर, राहणार बेल्स फोर्क, ओहायो, पूर्ण शुद्धीत आणि बऱ्यापैकी संतापात हे मृत्युपत्र करीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपणाखाली मी आयुष्यात एकदाच सही केली, ती कशी ते पुढे येईल.

घर माझा मुलगा डीन यास द्यावे. छप्पर गळते हे त्याला ठाऊक आहे. दरवर्षी तोच म्हणतो, “आई, या उन्हाळ्यात नक्की!”

शेजारी वेंडेल स्कॅग्ज यास भोपळ्याच्या बियांची बरणी द्यावी. जत्रेतल्या स्पर्धेसाठी वाढवलेला त्याचा राक्षसी भोपळा फुटला, तेव्हा तो मीच फोडला म्हणून याने पोलिसांत माझे नाव घेतले. तो भोपळा आतून सडून फुटला होता. आता नवा लावावा आणि स्वतःच राखण करावी.

सरकारने दिलेला वकील कोर्टाच्या जिन्यातच म्हणाला, “मॅडम, ‘नो कॉन्टेस्ट’ म्हणा, दंड भरा, घरी जा.” माझे यजमान रॉइस मुष्टियुद्धाचे वेडे. ते म्हणाले, “नो कॉन्टेस्ट म्हणजे सामनाच रद्द गं! कोणी हरलं नाही, कोणी जिंकलं नाही.” मी सही केली. अर्थ एवढाच होता, की मी गुन्हा कबूल करीत नाही, पण भांडतही नाही. वेंडेलला नुकसानभरपाईच्या दाव्यात ती सही माझ्याविरुद्ध वापरता आली नाही, हा एवढाच फायदा. बाकी नोंद शिक्षेचीच झाली, गुन्हा कबूल केल्यावर होते तशीच. शाळेच्या बसच्या नोकरीसाठी “शिक्षा झाली आहे का?” असे विचारले, तिथे यजमानांच्या शब्दावर विसंबून मी बिनधास्त “नाही” लिहिले. खोटारडी म्हणून काढले मला. मुलांना एवढी जपून नेणारी मी! अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

पिकअप ट्रक आणि बँकेतले सर्व पैसे नात कोरिन हिच्या खटल्यासाठी. ती काम करते त्या दुकानातल्या गल्ल्यातून पैसे घेतल्याचा आळ तिच्यावर आहे. तिने घेतलेले नाहीत. नोंद झाली, तर नर्सिंगचा परवाना मिळणे कठीण. पैसे उद्याच द्यायचे आहेत, माझ्या मरणाची वाट पाहायची नाही. म्हणजे हे कलम इथे नकोच होते, पण डीनला लेखी दिसल्याशिवाय पटत नाही.

काल कोरिन म्हणाली, “आजी, माझा वकीलही तेच म्हणतोय. भांडू नको, लवकर सुटशील.”

“सुटशील कशातून गं? मी सुटले का?”

पोरी, न्यायाधीशांनी विचारले की सरळ सांग, मी गुन्हा केलेला नाही. मी असेन तर पुढच्याच बाकावर असेन. नसेन तर तिथे माझा निळा कोट ठेव. मला तुझी फार काळजी वाटते.

शेवटी, माझ्या वकिलाने न विचारता एक कलम छापले होते: जो या मृत्युपत्राला आव्हान देईल, त्याचा वाटा जाईल. या कलमाला काय म्हणतात, असे विचारले. तो म्हणाला, “नो कॉन्टेस्ट.”

ते मी खोडले आहे. ज्याला भांडायचे असेल, त्याने खुशाल भांडावे. या घरात ते शब्द पुन्हा कोणी उच्चारायचे नाहीत.

सही: लोइस यॅगर
साक्षीदार: अर्लीन बुश (केशकर्तनकार), मर्ल डॉसन (निवृत्त पोस्टमन)
बेल्स फोर्क, ९ ऑक्टोबर २०१८